सहा माइक, आठ इनपुट आणि जुने संपादन सॉफ्टवेअर: अपग्रेडच्या एका निर्णयाचा प्रकरण अभ्यास

गोलमेज चर्चा ध्वनिमुद्रित करून त्यांचे श्राव्य कार्यक्रम तयार करणाऱ्या एका छोट्या गटाचे हे प्रकरण आहे. एका बैठकीत साधारणपणे सहा जण बोलतात, बैठक दीड-दोन तास चालते आणि संपादनानंतर तिच्यातून पाऊण तासाचा कार्यक्रम उरतो. गटाची पद्धत बराच काळ ठरलेली होती. सहा माइक ॲनालॉग मिक्सरला जोडायचे, मिक्सरमधून येणारा डावा-उजवा असा दोन चॅनेलांचा आवाज संगणकात घ्यायचा आणि एका जुन्या संपादन सॉफ्टवेअरमध्ये त्याची काटछाट करायची. या सॉफ्टवेअरमध्ये एका वेळी एक फाइल उघडते, तिचा तरंगालेख पडद्यावर दिसतो आणि केलेला प्रत्येक बदल त्या फाइलमध्येच कायमचा उतरतो. संपादन करणाऱ्या सदस्याचा हात त्यावर इतका बसलेला आहे की खोकला, श्वास, अडखळलेला शब्द अशा गोष्टी तो कळफलकावरूनच झरझर काढतो.

पुढे गटाने आठ इनपुटांचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकांचा आवाज संगणकात पोहोचवणारे उपकरण, घेतला. प्रत्येक माइक स्वतंत्रपणे रेकॉर्ड व्हावा हा त्यामागचा हेतू होता. परंतु जोडणी झाल्यावर असे दिसले की संपादन सॉफ्टवेअरच्या यादीत हा इंटरफेस एक उपकरण म्हणून येतच नाही. तिथे 1-2, 3-4, 5-6, 7-8 अशा चार जोड्या दिसतात आणि एका वेळी त्यांतली एकच निवडता येते. त्याच सुमारास त्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीवर जुन्या ग्राहकांसाठी मुदतीची सवलत जाहीर झाली आणि नव्या आवृत्तीच्या वैशिष्ट्यांत मल्टिचॅनेल रेकॉर्डिंगचा उल्लेख ठळकपणे होता. अडचण समोर होती, उपायही समोर होता, आणि बहुतेक सदस्यांच्या मनात निर्णय जवळपास झालेलाच होता. तरीही पैसे भरण्यापूर्वी नेमकी अडचण कुठे आहे याचा शोध घ्यावा असे ठरले, आणि त्या शोधाने उत्तर बदलले.

दोन चॅनेलांत काय हरवत होते

स्वतंत्र चॅनेल हवेत असे सगळेच म्हणत होते, पण ते कशासाठी हवेत हे आधी नीट मांडणे आवश्यक होते, कारण त्यावरच सॉफ्टवेअरकडून काय अपेक्षा करायची हे अवलंबून होते.

सहा माइक एकाच वेळी सुरू असतील आणि त्यांची पातळी सारखी असेल, तर प्रत्येक माइक आपल्यासोबत खोलीचा थोडा गोंगाट आणतो. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की हा गोंगाट 3 डेसिबलने वाढतो, म्हणजे एका माइकच्या तुलनेत सहा माइकांचा गोंगाट सुमारे 7.8 डेसिबलने जास्त असतो. दुसरी हानी अधिक सूक्ष्म आहे. बोलणाऱ्याचे तोंड स्वतःच्या माइकपासून 20 सेंटिमीटरवर आणि शेजाऱ्याच्या माइकपासून 120 सेंटिमीटरवर आहे असे धरू. ध्वनीचा हवेतला वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर असल्याने तोच आवाज शेजारच्या माइकमध्ये जवळजवळ 2.9 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. मिक्सरमध्ये हे दोन्ही आवाज एकत्र झाले की काही कंपनसंख्या एकमेकींना मारतात आणि काही वाढवतात. या उदाहरणात पहिला खड्डा 170 हर्ट्झच्या आसपास पडतो आणि पुढचे खड्डे दर 343 हर्ट्झवर येत जातात. याला कोंब फिल्टरिंग (इंग्रजी कोंब, म्हणजे कंगवा) म्हणतात. आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो तो बऱ्याचदा यामुळेच. शेजारचा माइक सहापट दूर असल्याने त्यातला थेट आवाज सुमारे 15.6 डेसिबलने क्षीण असतो आणि खड्डे उथळ राहतात. मात्र हळू बोलणाऱ्या शेजाऱ्याच्या माइकची पातळी मिक्सरवर वाढवून ठेवली असेल, तर हा फरक झपाट्याने कमी होतो आणि खड्डे खोल होतात. दोन माइकांमधले अंतर हे माइक आणि तोंड यांच्यातल्या अंतराच्या किमान तिप्पट ठेवावे, हा ध्वनिमुद्रकांचा जुना नियम याच कारणाने आला आहे.

दोन चॅनेलांत एकदा मिसळलेला हा आवाज नंतर वेगळा करता येत नाही. एकाच्या वाक्यावर पडलेला दुसऱ्याचा खोकला मिश्रणातून काढू गेले तर वाक्यही दुखावते. प्रत्येक माइक वेगळा असेल, तर बोलत नसलेल्याचा ट्रॅक त्या क्षणापुरता खाली आणला की गोंगाट, कोंब फिल्टरिंग आणि खोकला या तिन्ही गोष्टी एकदमच आटोक्यात येतात. म्हणजे गटाला दोन गोष्टी हव्या होत्या: सहाही माइक एकाच क्षणी वेगवेगळे नोंदले जाणे, आणि नंतर त्या प्रत्येकाची पातळी काळानुसार स्वतंत्रपणे वरखाली करता येणे. या दोन गरजा कागदावर लिहिल्या गेल्या आणि पुढची सगळी तपासणी त्यांच्याच आधारे झाली.

अडचण कोणत्या थरात होती

इंटरफेस आणि सॉफ्टवेअर यांच्यामध्ये ड्रायव्हर असतो, आणि विंडोजवर सॉफ्टवेअरला त्या ड्रायव्हरशी बोलण्याचे मार्ग अनेक आहेत. एमएमई हा 1990च्या दशकाच्या सुरुवातीचा मार्ग, त्यानंतर डायरेक्टसाउंड, आणि विंडोज व्हिस्टापासून वासापी. बहुतेक घरगुती उपकरणे एक किंवा दोन चॅनेलांची असल्याने जुन्या मार्गांनी चालणाऱ्या सॉफ्टवेअरला आठ इनपुटांचा इंटरफेस अनेकदा दोन-दोनच्या जोड्यांतच दाखवला जातो. संगीत स्टुडिओंसाठी स्टाइनबर्ग कंपनीने 1990च्या दशकातच एएसआयओ हा वेगळा मार्ग आखला. त्यात उपकरणाची सगळी इनपुटे एकाच वेळी, एकाच बफरच्या (आवाज क्षणभर साठवणाऱ्या जागेच्या) लयीत, सॉफ्टवेअरला मिळतात. गटाचे जुने सॉफ्टवेअर एएसआयओ ओळखत नव्हते. इंटरफेसमध्ये दोष नव्हता, केबलमध्ये नव्हता आणि संगणकाच्या वेगातही नव्हता. आठ चॅनेल, 24 बिट आणि 48 किलोहर्ट्झ या मानाने प्रवाह सेकंदाला 9.2 मेगाबिट इतकाच होतो, आणि यूएसबी 2.0ची नाममात्र क्षमता सेकंदाला 480 मेगाबिट आहे.

मॅकवर हा प्रश्न या स्वरूपात उभा राहत नाही, कारण तिथली कोअर ऑडिओ व्यवस्था उपकरणाचे सर्व चॅनेल सॉफ्टवेअरपुढे एकत्र मांडते. पुढे ते घ्यायचे की नाही हे सॉफ्टवेअरवर असते. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर विंडोजवर वापरून पाहावे अशीही सूचना आली होती. परवान्यांचा मेळ बसत नसल्यामुळे त्याच्या तयार विंडोज प्रतीत अनेक वर्षे एएसआयओचा समावेश नव्हता, त्यामुळे त्यातूनही हीच भिंत लागण्याची शक्यता होती.

एका सदस्याने आणखी एक मार्ग सुचवला: दोन-दोन माइक तीन वेगवेगळ्या छोट्या रेकॉर्डरांवर घ्यावेत आणि नंतर फाइल जुळवाव्यात. कागदावर हा मार्ग बिनखर्चाचा आहे, पण प्रत्येक रेकॉर्डरचे घड्याळ स्वतःच्या स्फटिकावर चालते आणि कोणतेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. दोन घड्याळांत दहा लाखात 20 भागांचा फरक असला, तरी तासाभरात 72 मिलिसेकंदांचे अंतर पडते. सुरुवातीला टाळी वाजवून फाइल जुळवल्या तरी शेवटी शेवटी प्रत्येक वाक्याला प्रतिध्वनी चिकटलेला ऐकू येईल. तीन-चार मिलिसेकंदांच्या फरकाने होणारे कोंब फिल्टरिंग टाळण्यासाठी हा खटाटोप चालला होता, त्यामुळे हा मार्ग बाद झाला. एकाच इंटरफेसची सगळी इनपुटे एकाच घड्याळावर चालतात, हा त्याचा खरा लाभ आहे आणि तो सोडण्यात अर्थ नव्हता.

अपग्रेड आवृत्तीची परीक्षा

नव्या आवृत्तीची चाचणी प्रत उतरवून तिच्यावर गटाच्याच कामाचा भार टाकण्यात आला. एएसआयओ होते, आठही इनपुटे दिसली आणि रेकॉर्डिंग झाले. पहिली गरज भागली, यात शंका नाही. मात्र रेकॉर्ड झालेली वस्तू होती आठ चॅनेलांची एकच फाइल. तिच्यात आठ तरंगालेख एकाखाली एक दिसत होते, पण ते एकमेकांशी बांधलेले होते. अशा फाइलमधून काळाचा तुकडा कापला की तो सर्व चॅनेलांतून कापला जातो. एका चॅनेलमध्ये फार तर शांतता भरता येते किंवा निवडलेल्या भागाची पातळी बदलता येते, आणि केलेला बदल जुन्या पद्धतीप्रमाणे फाइलमध्ये कायमचा बसतो. कोण कधी बोलतो आहे त्यानुसार सहा जणांच्या पातळ्या दोन तास वरखाली करत राहणे आणि निर्णय चुकला तर परत मागे येणे, हे या रचनेत जवळपास अशक्य होते. सॉफ्टवेअर वाईट होते असे म्हणता येणार नाही. सिनेमाच्या 5.1 ध्वनीसारखी सहा चॅनेलांची पक्की फाइल दुरुस्त करायची असेल, तर सगळे चॅनेल बांधलेले असणेच योग्य असते, आणि हे साधन त्याच कामासाठी घडवलेले होते. गटाला मात्र ट्रॅक सुटे हवे होते, आणि मूळ फाइलला धक्का न लावता पातळीच्या रेषा वरून ओढता येतील अशी सोय हवी होती.

दुसरा मुद्दा फाइलच्या आकाराचा होता, आणि माझ्या मते संपूर्ण तपासणीत सर्वांत उपयोगी ठरलेली आकडेमोड हीच. 24 बिट आणि 48 किलोहर्ट्झवर एका चॅनेलला सेकंदाला 1,44,000 बाइट लागतात, तर आठ चॅनेलांना 11,52,000. साध्या वेव्ह फाइलमध्ये आकाराची नोंद 32 बिटांत होते, त्यामुळे ती सुमारे 4.29 अब्ज बाइटांच्या पुढे जाऊ शकत नाही. भागाकार केला की आठ चॅनेलांची एकत्रित वेव्ह फाइल 62 मिनिटांनी भरते असे दिसते. काही सॉफ्टवेअर आकाराचा आकडा ऋण-धन चिन्हासह वाचतात. त्यांच्यासाठी मर्यादा निम्मी, म्हणजे 31 मिनिटे. 32 बिट फ्लोटमध्ये रेकॉर्ड केले तर पूर्ण मर्यादाही 46 मिनिटांतच गाठली जाते. दोन तासांची बैठक या रचनेत बसत नाही. आरएफ64 किंवा डब्ल्यू64 हे स्वरूप निवडले तर बसते, आणि चाचणी आवृत्तीत तसे पर्यायही होते. पण मग पुढचे प्रत्येक साधन ते स्वरूप वाचू शकते का, हे तपासत बसावे लागते. याउलट प्रत्येक माइकची वेगळी एकचॅनेली फाइल केली, तर दोन तासांना एका फाइलचे सुमारे 1.04 अब्ज बाइट होतात आणि साध्या वेव्हची पूर्ण मर्यादा गाठायला सव्वाआठ तास लागतात. एकूण साठा दोन्हीकडे तेवढाच. अडचण फक्त तो एका फाइलमध्ये कोंबण्याची आहे.

प्लगइनांचा, म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या पूरक प्रोग्रामांचा, विषय थोडक्यात आटोपतो. नवी आवृत्ती 64 बिटांची होती आणि गटाच्या वापरातली गोंगाट कमी करणारी दोन प्लगइन 32 बिटांची. मधला पूल म्हणून काम करणारे वेगळे सॉफ्टवेअर नसेल, तर अशी प्लगइन 64 बिटांच्या प्रोग्राममध्ये उघडत नाहीत. म्हणजे अपग्रेडसोबत आणखी दोन खरेद्या मागून येणार होत्या.

पर्याय आणि त्याची चाचणी

गरजा सुट्या केल्यावर पर्याय आपोआप दिसला. रेकॉर्डिंग आणि ट्रॅकांची जुळणी मल्टिट्रॅक प्रोग्राममध्ये करावी आणि बारीक सफाईसाठी जुने संपादन सॉफ्टवेअर तसेच ठेवावे. यासाठी रीपर हा प्रोग्राम तपासायला घेतला. त्याचे एक सरळ कारण असे की तो 60 दिवस पूर्ण क्षमतेने वापरून पाहता येतो, त्यामुळे एखादी खरी बैठक रेकॉर्ड करून शेवटच्या मिश्रणापर्यंत नेता येणार होती. अन्य मल्टिट्रॅक प्रोग्रामांतही हेच करता आले असते.

चाचण्या मुद्दाम कंटाळवाण्या ठेवल्या होत्या. एकच छोटा टिचकीसारखा आवाज विभाजकातून अनेक इनपुटांना देऊन तो रेकॉर्ड केला आणि सर्व ट्रॅकांत तो एकाच सॅम्पलवर (आवाजाच्या एकाच मोजमापावर) पडतो का ते पाहिले. एका ट्रॅकची ध्रुवता उलटी करून आणि पातळ्या जुळवून तो दुसऱ्यात मिळवला असता जवळजवळ पूर्ण शांतता उरते, ही तीच गोष्ट कानाने पडताळण्याची रीत. नंतर 1,000 हर्ट्झचा सलग सूर बैठकीइतक्या लांबीचा रेकॉर्ड केला आणि त्याचा वर्णपटालेख, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या कंपनसंख्या आहेत हे दाखवणारा आलेख, पाहिला. मध्ये कुठे सॅम्पल गळले असतील तर सुराच्या आडव्या रेषेला छेदणारी उभी रेघ तिथे उमटते, त्यामुळे दोन तास ऐकत बसावे लागत नाही. बफर 1,024 सॅम्पलांचा ठेवला. 48 किलोहर्ट्झवर हा 21 मिलिसेकंदांचा उशीर झाला, पण बोलणाऱ्यांना हेडफोनमध्ये आवाज थेट इंटरफेसमधून जात असल्याने त्याचा त्रास कुणाला होत नाही. संगीतकारांच्या सल्ल्यावरून बफर लहान ठेवण्याची सवय अनेकांना लागते. केवळ बोलणे रेकॉर्ड करताना तिचा उपयोग नसतो, उलट आवाज तुटण्याचा धोका वाढतो.

शेवटी, रेकॉर्डिंग सुरू असताना प्रोग्राम टास्क मॅनेजरमधून बळेच बंद करण्यात आला. वेव्ह फाइलच्या शीर्षभागात तिची लांबी लिहिलेली असते आणि फाइल नीट बंद झाली नाही तर ती नोंद चुकीची राहू शकते, तरीही डिस्कवर उतरलेला आवाज तिथेच असतो. अशी फाइल कच्चा डेटा म्हणून, 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, एक चॅनेल असे सांगून उघडली की आवाज परत मिळतो. जुन्या संपादन सॉफ्टवेअरमध्ये कच्चा डेटा उघडण्याची सोय आहे, हे या निमित्ताने कळले आणि त्याचे वजन निर्णयात थोडे का होईना पडले.

आक्षेप

संपादन करणाऱ्या सदस्याचा विरोध अखेरपर्यंत होता आणि तो झटकून टाकण्यासारखा नव्हता. त्याचे म्हणणे असे की एका प्रोग्राममध्ये रेकॉर्ड करायचे, दुसऱ्यात साफ करायचे आणि पुन्हा पहिल्यात मिसळायचे, या ये-जा करण्यात फाइल हरवतात, चुकीची प्रत उघडते आणि ट्रॅक सरकतात. तिन्ही धोके खरे आहेत. पहिल्या दोहोंवर फोल्डर आणि नावांची शिस्त हाच उपाय आहे. त्यात मला काही विशेष सांगण्यासारखे वाटत नाही. तिसरा धोका मात्र तांत्रिक आहे आणि त्यासाठी गटाने एक नियम केला. सफाईला जाणारी प्रत्येक ट्रॅक फाइल बैठकीच्या शून्य क्षणापासून सुरू होणारी आणि बाकीच्या फाइलांइतक्याच लांबीची असली पाहिजे, आणि सफाईच्या वेळी तिच्यात काळ घालायचा किंवा काढायचा नाही. खोकला काढायचा असेल तर तिथे शांतता भरायची किंवा खोलीचा गोंगाट ठेवायचा. वेळेची काटछाट सर्व ट्रॅक एकत्र आल्यावर मल्टिट्रॅक प्रोग्राममध्येच होईल. काही गोंगाटशामक प्लगइन स्वतःच्या हिशेबापोटी आवाज थोडा पुढे सरकवतात. त्यामुळे सफाईनंतर फाइलची लांबी सॅम्पलमध्ये तीच आहे ना, आणि सुरुवातीची खूण जागच्या जागी आहे ना, हे दोन्ही पाहायचे. नुसती लांबी जुळणे पुरेसे नाही, कारण आतला आवाज सरकूनही फाइल तेवढीच राहू शकते.

नवा प्रोग्राम शिकण्याचा त्रास हाही आक्षेप होता. तो मान्य करून कामाची वाटणी बदलली गेली: रेकॉर्डिंग करणाऱ्याने मल्टिट्रॅक प्रोग्राम शिकावा, संपादकाने त्यातला केवळ पातळीच्या रेषा ओढण्याचा भाग शिकावा.

निर्णय

गटाने अपग्रेड घेतले नाही. मल्टिट्रॅक प्रोग्रामचा परवाना घेतला आणि जुने संपादन सॉफ्टवेअर जुन्याच आवृत्तीत, जुन्याच प्लगइनांसह ठेवले. सवलतीची मुदत संपून गेली, आणि बैठकीत तिच्यावर सर्वाधिक वेळ चर्चा झाली हे नोंदवण्यासारखे आहे. जे साधन दोनपैकी एकच गरज भागवते ते स्वस्तात मिळाले तरी दुसऱ्या गरजेसाठी पुन्हा खर्च करावा लागतोच, हे आकडे मांडल्यावर सर्वांना पटले. दोन्ही गरजा भागवणारे साधन आधी घेतल्यास अपग्रेडची निकड राहत नाही.

हा निर्णय कोणत्या परिस्थितीत बदलेल हेही लिहून ठेवले आहे. तयार कार्यक्रम 5.1 स्वरूपात मागितला जाऊ लागला, तर बांधलेल्या चॅनेलांच्या फाइलवर थेट काम करण्याची गरज पडेल आणि तेव्हा अपग्रेडचा विचार नव्याने होईल. जुने सॉफ्टवेअर संगणकाच्या पुढच्या कार्यप्रणालीवर चालेनासे झाले, तर प्रश्न वेगळा असेल. तेव्हा तुलना नव्या आवृत्तीशी न करता, मल्टिट्रॅक प्रोग्राममध्येच सफाईही होऊ शकते का याच्याशी करायची आहे, आणि त्यासाठी एका जुन्या बैठकीचे सहाही मूळ ट्रॅक चाचणीचे साहित्य म्हणून वेगळे जपून ठेवले आहेत.